डिसेंबरात पानशेतच्या बॅकवॉटरला तंबू ठोकायचाय: काय न्यावं, काय घरी ठेवावं?

सईची_आई

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबं मिळून पानशेतच्या बॅकवॉटरला दोन रात्री तंबूत राहायला जाणार आहोत. जागा नवऱ्याच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची, पाण्याच्या कडेला, त्यांची परवानगी घेतलेली आहे. पवनेच्या बाजूला मिळतं तसं पॅकेज (तयार तंबू, बार्बेक्यू, डीजे) मुद्दाम नको म्हटलं. म्हणजे तंबूपासून मिठापर्यंत सगळं आपलं आपण न्यायचं.

मोठी पाच माणसं, मुलं तीन (वय ५, ८ आणि १२). मोठ्यांत माझे सासरे आहेत, वय ७२. गुडघे कुरकुरतात, पण 'मी घरी राहणार नाही' असं जाहीर झालेलं आहे. गाड्या दोन. गाडी तंबूच्या अगदी जवळपर्यंत जाते.

यादी करायला बसले तर तीन पानं भरली. नवरा म्हणतो यातलं अर्धं काढ. जाऊबाई म्हणतात यात खलबत्ता कसा नाही. (गंमत नाही, खरंच म्हणाल्या.) तर अनुभवी लोकहो, काय नेलंच पाहिजे आणि कशाचं उगाच ओझं होतं?

डोंगरवेडा

दिवसाची काळजीच करू नका. दिवस कसाही जातो, काही कमी पडलं तर पानशेत गावात मिळतं. यादी करायची ती रात्री अकरा ते सकाळी सात या वेळेची. ती रात्र नीट गेली नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलंच म्हणतात घरी चला.

आणि रात्रीच्या यादीत पहिला मान अंगाखालच्या गोष्टीला, पांघरुणाला नाही. लोक दोन-तीन हजारांची स्लीपिंग बॅग घेतात आणि ती नुसत्या ताडपत्रीवर अंथरतात. बॅगेतला कापूस किंवा फायबर आपल्या वजनाने खाली पार दबतो, त्यात हवा उरत नाही, ऊब जाते. मग पाठ गार आणि पोट गरम अशी रात्र काढायची. म्हणून खाली फोमची मॅट हवी, माणशी एक. दोन असतील तर एकावर एक.

फुगवायच्या हवेच्या गाद्या नेऊ नका असं मी म्हणेन. दिसायला मऊ, पण आतली हवा जमिनीच्या गारव्याने थंड होते आणि आतल्या आत फिरत राहते. नेणारच असाल तर तिच्यावर घोंगडी किंवा फोम अंथरा. नुसत्या चादरीवर झोपलात तर पहाटे कळेल.

स्लीपिंग बॅग घेताना लेबलवर दोन आकडे असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. दुकानदार लिमिटचा आकडा मोठ्या अभिमानाने दाखवतो. त्या तापमानाला माणूस आखडून कशीबशी रात्र काढतो, एवढाच त्याचा अर्थ. आपण कम्फर्टचा बघायचा.

तिरकस

खलबत्ता न्याच. तंबूचे पेग (खुंट्या) ठोकायला लागेल.

मेतकूट

हसून हसून पुरेवाट @तिरकस

सईची आई, आता मुद्द्याचं बोलू, म्हणजे खाण्याचं. आठ माणसांचा स्वयंपाक उघड्यावर करणं म्हणजे हौस कमी आणि हमाली जास्त. पहिल्या रात्रीचं जेवण घरून न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही-मिरची, गूळ-तूप. दशम्या दोन दिवस सहज टिकतात. पहिल्या संध्याकाळी तंबू लावण्यातच अंधार होतो, तेव्हा कुणीही कांदा चिरायला बसत नाही.

दुसऱ्या रात्री मुगाची खिचडी. घरीच तांदूळ, डाळ, हळद, तिखट, मीठ, गोडा मसाला एकत्र करून डब्यात भरा, वर चिकटपट्टीवर पाण्याचं माप लिहा. तिथे फक्त फोडणी. तीन लिटरचे दोन कुकर लागतील. सोबत पापड, मेतकूट (अर्थात!), लोणचं. सकाळी पोहे किंवा उकडलेली अंडी.

आणि हमखास विसरणाऱ्या वस्तू आताच लिहून घ्या: सांडशी, चहाची गाळणी, लायटर, मीठ, तेलाची बाटली घट्ट बंद होणारी. आमच्या ग्रुपात एकाने चहा धुतलेल्या रुमालातून गाळला होता. रुमाल धुतलेला होता हे त्याचं म्हणणं.

बटाटेवडा_प्रेमी

मेतकूट +१. पण मॅगीचा उल्लेख नाही? निषेध.

रानजाई

मॅगी मुलांसाठी ठेवा, पण एकाच वेळेला. थंडीत मुलं पाणी पीत नाहीत, त्यात दिवसभर मॅगी आणि चिवडा, मग दुसऱ्या दिवशी पोट धरून बसतात. माझ्याकडची ही साग्रसंगीत माहिती आहे.

मला जे सांगायचंय ते यादीत सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. तिथे शौचालय आहे का ते शेतकऱ्याला आधी विचारा. नसेल तर एक खुरपं न्या. पाण्यापासून आणि तंबूपासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा, नंतर माती ओढायची. टिश्यू आणि वेट वाइप्स पुरायचे नाहीत, झिपच्या पिशवीत परत आणायचे. वाइप्स कुजत नाहीत, कुत्री उकरतात. आडोशासाठी दोन काठ्या आणि जुनी साडी पुरते, त्याला हजार रुपयांचा पॉप-अप तंबू लागत नाही. एक शिट्टी गळ्यात, म्हणजे कुणी आत आहे हे कळतं आणि अंधारात हाकाही मारता येतात.

पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड्स, कागदी पिशव्या आणि एक काळी झिपची पिशवी न्याच. तिथे जाळायचं-पुरायचं काही नाही, सगळं घरी आणून टाकायचं. बारा वर्षांची मुलगी असेल तर तिला हे निघायच्या आधी नीट सांगून ठेवा, तिथे लाजेने दिवसभर पाणी न पिता बसते.

पाच वर्षांच्यासाठी: अंथरूण ओलं झालं तर म्हणून एक रबरी चादर आणि कपड्यांचा वेगळा संपूर्ण जोड, तंबूत हाताशी. गाडीत नाही. रात्री दोनला गाडीची किल्ली शोधत कोण बसणार?

सईची_आई

@रानजाई, खूप खूप धन्यवाद. शौचालय शेताच्या घराजवळ आहे, पण तंबूपासून बरंच लांब, वर चढावर. रात्री सासऱ्यांना तिथवर नेणं अवघड वाटतंय.

@मेतकूट, दशम्या पक्क्या. सांडशी खरंच यादीत नव्हती!

@तिरकस, जाऊबाईंना तुमचा प्रतिसाद दाखवला. त्या म्हणाल्या, बघा, उपयोग आहे.

साठीपार

सईच्या आईंना नमस्कार. तुमच्या सासऱ्यांच्या वयोगटातला मी एकटाच इथे दिसतो, तेव्हा त्यांच्या वतीने लिहितो.

पहिलं, त्यांना जमिनीवर झोपवू नका. झोपणं जमतं, उठणं जमत नाही. गुडघा दुखणारा माणूस चार फुटी तंबूत हातावर जोर देऊन उठायला लागला की सगळा तंबू हलतो आणि चारचौघांत लाज वाटते ती वेगळीच. घडीची खाट न्या, कमी उंचीची चालेल, आणि ज्या तंबूत मधे उभं राहता येतं तो त्यांना द्या. खाटेलाही खालून गारवा लागतो बरं का, कापड ताणलेलं असतं आणि खालून वारा. तिच्यावर जाड सतरंजी किंवा घोंगडी.

दुसरं, आम्हाला रात्री दोनदा तरी उठावं लागतं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. तंबूच्या दाराजवळ विजेरी, काठी, चप्पल ठरलेल्या जागी. आणि झाकणाची रुंद तोंडाची बाटली. चढावरचं शौचालय सकाळसाठी ठेवा. त्यासाठी प्लॅस्टिकची कमोड खुर्ची औषधांच्या दुकानात मिळते, भाड्यानेही मिळते, घडी करून डिकीत जाते.

तिसरं, हात असलेली खुर्ची. नुसतं स्टूल नको.

रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या दोन दिवसांच्या ऐवजी चार दिवसांच्या, आणि निम्म्या दुसऱ्या गाडीत.

डोंगरवेडा यांचं अंगाखालचं म्हणणं सोळा आणे खरं. पण स्लीपिंग बॅगेची सक्ती पटली नाही. गाडी जवळ लागते आहे, तर घरच्या गोधड्या, रजया काय वाईट? आम्ही वळकटी बांधून राजगडावर गेलो आहोत. लोकरीची घोंगडी दवाने दमट झाली तरी ऊब देते, हे तुमच्या नायलॉनला सांगा.

डोंगरवेडा

@साठीपार काका, दंडवत. गाडी असेल तर गोधडी मान्य, पूर्ण मान्य. पाठीवर न्यायची असती तर भांडलो असतो.

फक्त एक: दवाचा विचार करून गोधड्या सकाळी उन्हात टाका, नाहीतर दुसऱ्या रात्री ओलसर लागतात.

पानशेतकर

मी त्याच भागातला. आता पुण्यात धायरीला असतो, पण शेत आणि आईवडील तिकडेच आहेत. चार गोष्टी सांगतो.

तंबू अगदी पाण्याच्या काठाला लावायचा मोह होतो, फोटो चांगला येतो म्हणून. लावू नका. थंड हवा जड असते, रात्री डोंगरउतारावरून खाली येते आणि पाण्याकाठच्या खोलगट जागेत साचते. थोडं वर, उतार संपून सपाटी लागते तिथे लावलात तर फरक अंगाला कळतो. दवही कमी. आमच्याकडची म्हातारी माणसं गुरं बांधायला काठाची जागा कधी घेत नाहीत, त्यामागे हेच.

काठावरून पाण्यात उतरायचं नाही, पाय धुवायलाही ठरलेल्या खडकाळ जागीच. पावसाळ्यानंतर पाणी हळूहळू मागे सरतं. उघडा पडलेला काठ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, पण आत गाळ असतो. मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो. आणि पुढे तळ कुठे एकदम खोल होतो ते आम्हालाही सांगता येत नाही, खाली जुनी शेतं आणि ओढे आहेत. मुलं पाण्याजवळ असतील तेव्हा एका मोठ्या माणसाने फक्त तेच काम करायचं, मोबाईल खिशात. पोहता येतं म्हणणाऱ्या मोठ्यांनाही हे लागू.

पेग: डिसेंबरात आमच्याकडची जमीन म्हणजे वाळलेला मुरूम. तंबूसोबत येणारे ॲल्युमिनियमचे पेग वाकतात. बोहरी आळीत सहा-सात इंची लोखंडी खिळे घ्या, आणि एक हातोडी. (खलबत्ता नको, बत्ता निसटून बोटावर येतो.) खिळा ठोकताना डोकं तंबूच्या उलट दिशेला झुकवायचं.

चौथी गोष्ट कळकळीची. भांडी पाण्यात घासू नका. साबण 'निसर्गस्नेही' असला तरी नाही. पानशेतचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून तुमच्याच नळाला. पाणी बादलीत घ्या, लांब नेऊन राखेने घासा, ते पाणी जमिनीत ओता. दरवर्षी सुट्ट्या संपल्या की काठावर मॅगीची पाकिटं आणि बाटल्यांच्या काचा गोळा करायला आमची पोरं जातात. सगळे तसे नसतात, मला माहीत आहे. पण काच पायात माझ्याच म्हशीच्या गेली होती.

कात्रजकर

पानशेत म्हटलं की आमच्या घरात अजून १२ जुलै १९६१ निघतं, धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. आजी नारायण पेठेत होती. पाणी चढताना माळ्यावरच्या लोकांना दोरावरून कसं काढलं ते ती इतकं बारकाईने सांगायची की आम्ही जेवण विसरायचो. तिच्या घरातला पितळी डबा चिखलातून परत मिळाला होता, तो आमच्याकडे आहे अजून, तळाशी काळा डाग आहे.

प्राजक्त

@कात्रजकर, यावर वेगळा धागा काढाच. माझ्या सासरच्यांचं घर शनिवार पेठेत होतं, त्यांच्याकडेही आठवणी आहेत.

तिरकस

धाग्याची होडी झालेली आहे. तंबूत परत या.

हिंजवडीकर

कुणी विजेबद्दल बोललं नाही अजून. मी जातो तेव्हा ५०० वॉटअवरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन, तंबूत एलईडी माळा, छोटा प्रोजेक्टर आणि ब्लूटूथ स्पीकर. मुलं खूश असतात. आठ लोक, दोन रात्री, मुलं कंटाळणार हे धरून चला.

रानजाई

प्रोजेक्टर??

पानशेतकर

@हिंजवडीकर, राग मानू नका, पण स्पीकर घरी ठेवा. पाण्यावरून आवाज पलीकडच्या वाडीपर्यंत जातो. रात्री १० ते सकाळी ६ मोठा आवाज करायला कायद्यानेही मनाई आहे. गेल्या वर्षी आमच्या समोरच्या काठावर पहाटेपर्यंत चालू होतं, घरात आजारी माणूस होतं. कुणाला सांगायचं?

हिंजवडीकर

मी हळू आवाजात लावतो. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आणि कुटुंब घेऊन जाणाऱ्या माणसाने साधूसारखंच राहायचं असा काही नियम आहे का? ज्याला शांतता हवी त्याने गडावर जावं.

डोंगरवेडा

गडावर? बऱ्याच गडांवर आता मुक्कामाला बंदी आहे, आणि तिथेही लोक स्पीकर घेऊन येतातच. असो.

विजेबद्दल मात्र त्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. दोन रात्रींसाठी माणशी एक हेडटॉर्च (मुलांनाही, त्यांना ते जाम आवडतं), एक कंदिलासारखा टांगायचा दिवा आणि २० हजार एमएएचच्या दोन पॉवर बँका एवढं पुष्कळ. फोन रेंज शोधत राहिला की बॅटरी भराभर उतरते, म्हणून रात्री फ्लाइट मोडवर टाका. एक फोन मात्र चालू ठेवा.

तारकामित्र

एलईडी माळा नका लावू हो, विनंती. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं वाया जातं. हेडटॉर्च लाल दिव्याचा घ्या.

डिसेंबरअखेरचं आकाश म्हणजे मेजवानी असते. आठ-नऊ वाजता पूर्वेला मृग चांगला वर आलेला असतो, त्याच्या पट्ट्याच्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध, वर वाढवली की रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती दिसतात ते मुलांना मोजायला लावा, भांडणं लागतात. साधी ८ बाय ४० किंवा १० बाय ५० ची दुर्बीण असेल तर मृगाच्या तलवारीतला धुरकट ठिपका दाखवा. कंटाळतात का बघू.

कालनिर्णय उघडून चंद्र कधी उगवतो तेही पाहून ठेवा. अमावास्येच्या आसपास जाणं उत्तम.

बटाटेवडा_प्रेमी

अमावास्येला पाण्याकाठी तंबूत. माझी आई हा धागा वाचत असती तर आयडी ब्लॉक झाला असता.

तारकामित्र

@बटाटेवडा_प्रेमी, आईंना कृत्तिका दाखवा, त्याच पुढच्या वेळी तारीख काढतील.

स्टेथो

उशिरा आलो. बाकी सगळं चांगलं चाललंय, औषधांच्या बाजूने भर घालतो.

सर्वांत महत्त्वाचं: तंबूत शेगडी, कोळसे, गॅस, काहीही पेटवायचं नाही. ऊब म्हणूनही नाही, 'फक्त पाच मिनिटं' म्हणूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात, तंबू म्हणजे तर छोटी खोलीच. ऊब हवी असेल तर गरम पाण्याची रबरी पिशवी. झोपायच्या आधी पायाशी ठेवा, सासऱ्यांना आणि धाकट्याला विशेषतः. टॉवेलात गुंडाळून, उघड्या कातडीला लावून नको.

साप: थंडी आहे म्हणून साप नसतात हा भ्रम आहे. घोणस थंडीतही हिंडते, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, तेही इतकं हलकं की कळत नाही. म्हणून तंबूची चेन कायम बंद, खाण्याचं काही तंबूत नाही (उंदीर येतात, त्यांच्यामागे बाकीचे), बूट सकाळी झटकून, रात्री बाहेर पाय टाकताना आधी उजेड. चावल्याचा नुसता संशय आला तरी: कापणं नाही, चोखणं नाही, दोर आवळणं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात-पाय फळीने स्थिर करायचा, माणसाला चालवायचं नाही, थेट सरकारी रुग्णालय. जवळचं कुठलं, त्याचा रस्ता आणि तिथे सर्पदंशाची लस आहे का, हे पुण्यातून निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा. १०८ (रुग्णवाहिका) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबर सगळ्यांना माहीत हवेत, मुलांनाही.

पेटीत काय: ओआरएसची पाकिटं (एक पाकीट बरोब्बर एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं नाही), पॅरासिटामॉल गोळ्या आणि मुलांचं सिरप, क्रेप बँडेज, जखम धुवायला सलाईनची छोटी बाटली, चिकटपट्ट्या, काटे काढायला चिमटा, ॲलर्जीची गोळी, ओडोमॉस. भाजलं तर टूथपेस्ट-हळद नाही, वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. उघड्या चुलीशी मुलं असतात, त्यामुळे सापापेक्षा भाजण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिथे लक्ष ठेवा.

मेतकूट

डॉक्टर, शेवटच्या दोन वाक्यांना अनुमोदन. चूल पेटवणार असाल तर नायलॉनचे ट्रॅकसूट घालून कुणाला जवळ बसू देऊ नका. सुती कपडे. आणि डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो. गॅसवर करा सरळ, पाच किलोची छोटी टाकी आणि एक बर्नर. आठ माणसांना छोटी डबी पुरत नाही. वारा अडवायला तेलाच्या डब्याचा पत्रा उलगडून आडोसा. शेकोटी हवीच असेल तर जुन्या घमेल्यात, जमिनीपासून विटांवर उचलून, शेजारी पाण्याची बादली.

सईची_आई

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सासऱ्यांनी स्वतः बसून साठीपार काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाले, 'या माणसाला कळतं.' खाट आणि खुर्ची दोन्हींना होकार आलाय. कमोड खुर्चीवर अजून वाटाघाटी सुरू आहेत.

दोन शंका राहिल्या. एक, तंबू: दुकानात 'चार माणसांचा' म्हणून जो दाखवला तो मला फारच लहान वाटला. दोन, पाणी: किती न्यायचं?

डोंगरवेडा

तंबूवरचा आकडा म्हणजे माणसं खांद्याला खांदा लावून, सामान बाहेर ठेवून झोपली तर. कुटुंबासाठी दीडपट धरा. चार जण असाल तर सहाचा. सासऱ्यांची खाट ज्यात आहे त्यात आणखी फक्त एक माणूस.

दुहेरी थराचा घ्या, आत जाळी आणि वर वेगळं फ्लाय, म्हणजे बाहेरचं कापड. रात्रभर आठ जणांचा श्वास आत साचला की सकाळी छत आतून ठिबकतं, लोकांना वाटतं तंबू गळतो. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करू नका, वरची जाळी उघडी ठेवा. आणि विकत घ्यायच्या आधी भाड्याचा विचार करा, पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. एका सहलीसाठी पंधरा हजार घालवण्यात अर्थ नाही. आणला की एकदा सोसायटीच्या गच्चीवर लावून बघा. दांडा तुटका निघाला तर तो गच्चीवर निघालेला बरा.

पानशेतकर

पाणी: पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार-पाच लिटर धरा. आठ जणांना दोन दिवसांचे ऐंशी लिटर होतात, म्हणजे २० लिटरचे चार जार. भांडी-हातपायांना जलाशयाचं चालेल. शेतकऱ्याकडे विहीर किंवा बोअर असेल तर दोनच जार न्या आणि तिथे भरा, पण मुलांसाठी एकदा खळखळून उकळा. जारला तोटी लावायचा पंप न्या, नाहीतर दर वेळी दोन माणसं उचलायला लागतात.

प्राजक्त

कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या डझनभर न्या. कचरा तर आणायचाच, शिवाय दवाने भिजलेला तंबू भरायला, चिखलाचे बूट ठेवायला, आणि कपड्यांच्या बॅगेला आतून अस्तर म्हणून. यादीतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू. ओला तंबू घरी आल्यावर त्याच दिवशी वाळवा, नाहीतर बुरशी लागून कापडाचा चिकट थर सुटायला लागतो. भाड्याचा असेल तर अनामत गेली.

जाता जाता, मुलांसाठी पत्त्यांचा कॅट, दोरीच्या उड्या आणि एक चेंडू. बास.

हिंजवडीकर

बरं, स्पीकर घरी ठेवतो पुढच्या वेळी. प्रोजेक्टर नेणारच. आवाज इयरफोनमधून. @पानशेतकर, चालेल?

पानशेतकर

चालेल की. कधी आमच्या बाजूला असाल तर कळवा, दूध देतो. :)

सईची_आई

तर मंडळी, यादी दीड पानावर आणली. एअर बेड, फोल्डिंग टेबल, बार्बेक्यू ग्रिल, चौथी बॅग स्वेटरांची, मिक्सर (हो, होता) हे सगळं उडालं. आत आलं ते: खाट, हातांची खुर्ची, घोंगड्या, लोखंडी खिळे, खुरपं, शिट्ट्या, लाल दिव्याचे हेडटॉर्च, घमेलं, सांडशी. तंबू भाड्याने ठरवले, रविवारी गच्चीवर लावून बघतोय.

आता फक्त फोमच्या मॅट कमी पडतायत. भाड्याच्या दुकानात चारच शिल्लक आहेत, मला आठ हव्यात, जमल्यास जास्त. कोथरूड-कर्वेनगरच्या आसपास कुणाकडे आहेत का?

प्राजक्त

माझ्याकडे तीन आहेत, कर्वेनगर. व्यक्तिगत निरोप पाठवते. एकीला कोपऱ्यात मांजराने नखं मारलीयत, चालत असेल तर.

साठीपार

माझ्याकडे दोन घोंगड्या आणि एक मॅट आहे, डहाणूकर कॉलनी. सासऱ्यांनाच पाठवा घ्यायला, चहा घेऊ.

कात्रजकर

सगळ्यांनी जाण्याचं सांगितलं, येण्याचं कुणीच नाही. परतताना रविवार असेल तर दुपारी दोनच्या आत पानशेत सोडा. चारनंतर खडकवासल्याच्या चौपाटीला कणीस खाणारे, सिंहगडावरून उतरलेले आणि तुम्ही, सगळे एकाच रस्त्यावर. पाण्याची एक भरलेली बाटली आणि चिवड्याचा डबा डिकीत नाही, पुढच्या सीटवर ठेवा.

सईची_आई

@कात्रजकर, आम्ही शनिवारी परततोय. तरी बाटली पुढे ठेवते.

@साठीपार काका, सासरे गुरुवारी संध्याकाळी पाचला येतील. बिनसाखरेचा.